भोपी सर आणि वाजणारा सोडा

आमचे भोपी सर खाण्याची कुठलीही वस्तू आधी कानाला लावत आणि मग तोंडाला. पापड ते कानाजवळ धरून मोडत. कलिंगड बडवून घेणारे पुष्कळ असतात, सर काकडीसुद्धा बडवून घेत. अंबरनाथला माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलेबी कानाशी नेली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "फिजिक्सचे सर." सासऱ्यांचा चेहरा सैल झाला. "मग ठीक आहे," ते म्हणाले, "मला वाटलं नात्यातले."

ह्यात एक अक्षर खोटं असेल तर माझ्या कारखान्यातल्या सगळ्या पँटींना चेन मागच्या बाजूने लागो. उल्हासनगरात कॅम्प तीनला माझा जीन्स शिवायचा कारखाना आहे, अठरा मशीनचा. त्यापूर्वी मी भोपी सरांचा विद्यार्थी होतो आणि फिजिक्समध्ये इतक्या वेळा नापास झालो की परीक्षा केंद्रावरचा शिपाई मला 'या शेलार' म्हणून बाक पुसून द्यायचा. माझी अभ्यासाची पद्धत एकच होती. पुस्तक शेवटाकडून उघडायचं, तिथली सोडवलेली उदाहरणं पाठ करायची आणि पुढच्या पानांच्या वाटेला जायचं नाही. सर म्हणायचे, "शेलार, पहिल्या पानावर बी काय तरी लिहिलेलं असतं रे." पण ते मला फार पुढे पटलं. ते येईलच.

सर मूळचे आगरी. वडील मिठागरावर मीठ पिकवायचे. सर कॉलेजात शुद्ध बोलत, पण एखादी गोष्ट आवडली की शुद्धता मिठागरातल्या पाण्यासारखी आटून जायची आणि खालून गाव वर यायचं. फळ्यावर लोलकाचं गणित सोडवता सोडवता ते मध्येच थांबायचे, स्वतःच्याच उत्तराकडे बघायचे आणि म्हणायचे, "कसा बरोबर आयला बघ." जणू उत्तर पाहुणा होतं आणि वेळेवर पोचलं होतं.

बदलापूरहून कॉलेजात येताना शेवटचा तुकडा ते शेअर रिक्षाने करत आणि मागची सीट रिकामी असली तरी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसत. ड्रायव्हर म्हणायचा, "सर, पीछे जगह है." सर म्हणायचे, "मागे वळण उशिरा कळतं." स्टेशन ते कॉलेज सात वळणं होती. प्रत्येक वळणाला आपलं शरीर नक्की कुठल्या क्षणी बाहेर जायला बघतं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. एका वळणाला ते खरोखरच बाहेर गेले. कोपर खरचटलं, जुन्या धोतरासारखी टर्रकन पँट फाटली, आणि त्याच दिवशी आम्हाला वर्तुळाकार गती शिकवली. तो धडा कॉलेजात कुणीच विसरलं नाही. फाटलेली बाजू फळ्याकडे ठेवून त्यांनी पूर्ण तास घेतला होता.

त्यांचं लाडकं वाक्य होतं, "बघायला काय जातंय?" हे ऐकलं की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या, कारण काहीतरी जाणार हे नक्की असायचं. एकदा कुकरची शिट्टी गेली. एकदा गच्चीवरच्या टाकीचा तरंगता गोळा गेला. मांजर्लीत त्यांच्या इमारतीला नवी लिफ्ट लागली तेव्हा सर वजनकाटा घेऊन आत शिरले आणि सोबत सोसायटीच्या अध्यक्षांना नेलं. लिफ्ट खाली सुटताना अध्यक्षांचं वजन चार किलोने उतरलं. अध्यक्ष इतके खूश झाले की पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. अकराव्या फेरीला लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. बाहेरून काकू ओरडल्या, "आत किती जण आहात?" आतून सर म्हणाले, "दोघं, पण वजन आता बरोबर दाखवतंय."

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण सरांच्या मनात एक काटा होता आणि तो निवृत्तीच्या दिवशी बाहेर आला. शाल-नारळ झाल्यावर सगळे बटाटेवड्याकडे वळले तेव्हा ते मला म्हणाले, "शेलार, इतकी वर्षं मी पोस्टमनचं काम केलं. दुसऱ्यांनी लावलेले शोध घरोघर वाटले. एक पत्र माझ्या नावाने आलं असतं तर बरं झालं असतं रे. एकच. कुणी न पाहिलेली एवढीशी गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली, एवढंच." मी वडा खात होतो. उरलेला अर्धा मी परत ताटलीत ठेवला.

आणि मग, सर माझ्याकडे एक पँट अल्टर करायला आले होते त्या दिवशी, ते पत्र आलं. गोपीशेठच्या दुकानात आलं.

गोपीशेठचं सोड्याचं दुकान माझ्या कारखान्यासमोर आहे. त्यांच्या आजोबांनी कॅम्पात हातगाडी लावली होती, त्याच जागी. गोपीशेठ उंच काचेच्या ग्लासात सोडा ओततात, मसाल्याचं मीठ टाकतात आणि लांब दांड्याचा चमचा तळाशी आपटत ढवळतात. तो आवाज आम्ही कॅम्पातली माणसं जन्मापासून ऐकतोय. मीठ पडल्यावर फेस उसळतो, तेव्हा चमचा आधी ठक ठक असा बसक्या घशाने बोलतो. मग ठुंग ठुंग. मग टुंग. आणि फेस बसता बसता टिंग टिंग, देवघरातल्या घंटीसारखा.

सरांनी ग्लास कानाला लावला. मग गोपीशेठना म्हणाले, "परत वाजवा."

गोपीशेठनी वाजवलं. आता नुसतंच टिंग.

"नवा सोडा करा. मीठ टाका. आता वाजवा."

ठक, ठुंग, टुंग, टिंग.

"ग्लास तोच, चमचा तोच, हात तोच," सर हळूच म्हणाले. "मंग आवाज का चढतोय?"

आठव्या ग्लासाला गोपीशेठ म्हणाले, "प्रोफेसर साब, पीने का है कि बजाने का है?"

"दोन्ही. आधी वाजवायचं."

विसाव्या ग्लासाला दुकानासमोर गर्दी झाली. माझे कारागीर सुया तशाच सोडून आले. रिक्षा उभ्या राहिल्या. प्रत्येकाला कारण माहीत होतं. कुणी म्हणालं काच गरम होते, कुणी म्हणालं मीठ विरघळून पाणी घट्ट होतं. सर कुणालाच खोडून काढत नव्हते. म्हणायचे, "बघायला काय जातंय?" आणि लगेच करून बघायचे. गरम पाण्याने ग्लास शेकून बघितला. साध्या पाण्यात मीठ घालून बघितलं, आवाज चढला नाही. मीठ न घालता सोडा नुसता ढवळून बघितला, चढला, पण थोडाच. शेवटी एक रिक्षावाला कंटाळून म्हणाला, "सर, गॅस निकल गयी, और क्या." सर वळले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. तो बिचारा घाबरला. बॅज छातीवरच आहे हे त्याने हाताने चाचपून पाहिलं.

"संध्याकाळी ह्या बाजारातून तुमची रिक्षा कशी जाते?" सरांनी त्याला विचारलं.

"जाती कहां है, सर. रेंगती है."

"आणि गर्दी ओसरली की?"

"भागती है."

"तसाच आवाज. बुडबुड्यांच्या गर्दीत रेंगाळतो म्हणून ठक. बुडबुडे गेले की पळतो म्हणून टिंग." एवढं बोलून सर दुकानाच्या फळीवर बसले. डोळ्यांत पाणी होतं. सोडा नाकात गेला असं ते म्हणाले, पण त्यांनी एकही घोट घेतला नव्हता. "माझ्या बापाने जन्मभर मीठ पिकवलं," ते म्हणाले, "आणि ते बोलतं हे त्याला कुणी सांगितलंच नाय."

गोपीशेठ माझ्या कानाशी लागले. "साईं, ये तो चरियो है," म्हणजे वेडा. मग ग्लास विसळत म्हणाले, "पर अच्छेवाला."

त्या दिवसापासून मी पेटलो. कॅम्प एक ते पाचमध्ये सांगत सुटलो की आमच्या सरांनी शोध लावलाय आणि तो जगात छापून येणार. "सर, तुम्ही फक्त लिहा, टायपिंग माझ्याकडे," असा त्यांच्या मागे लागलो. दोनेक आठवड्यांत त्यांनी तीस पानं लिहून खाकी पाकिटात घालून दिली. मी पाकिटाला नमस्कार केला आणि चेनच्या खोक्यांशेजारी खणात ठेवलं.

दर शनिवारी सर कारखान्यात यायचे. निरनिराळे ग्लास आणि घरून मिठाच्या पुड्या आणायचे, बारीक, जाड आणि खडे. आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी अठराही मशीन बंद करायचो. माझं मोठं गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "शेलार, माल कुठाय?" मी सांगायचो, "शोध चाललाय." त्याला वाटायचं, माल हरवलाय.

आवाज मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं, पण काजाच्या मशीनवर चंदाताई होत्या. अंबरनाथ पूर्वेच्या एका भजनी मंडळात त्या गातात. डोळे मिटून ऐकायच्या आणि सांगायच्या, "सर, खालच्या सा पासून निघालं, वरच्या सा ला पोचलं आणि आणखी ग पर्यंत गेलं. मीठ जाड घातलं तर उशिरा जातंय." सर लिहून घ्यायचे. एकदा त्यांनी तोच प्रयोग सहा वेळा करायला लावला तेव्हा चंदाताई म्हणाल्या, "सर, विठ्ठलसुद्धा एवढ्या वेळा आळवून घेत नाही."

तीन महिने असे गेले. मग एके दिवशी दाताच्या दवाखान्यात बसलो असताना मी सहज मोबाइलवर मोडक्या इंग्रजीत टाकलं, सोड्यात मीठ घातल्यावर ग्लासाचा आवाज का चढतो. आणि उत्तर आलं. एक नाही, ढीगभर. बुडबुडे, गर्दी, सगळं तेच. कुठल्या तरी दूर देशातल्या लोकांनी गरम पेयाच्या कपात चमचा वाजवून हे फार पूर्वीच ऐकलं होतं आणि रीतसर छापून ठेवलं होतं. दाढ काढायच्या आधीच माझं तोंड बधीर झालं.

सरांचा मोबाइल बटणांचा. त्यांना हे कळायचं काही कारण नव्हतं. कळलं तर काय होईल, ह्या विचाराने मी गोपीशेठकडे गेलो. ते म्हणाले, "मत बोल. उमर में पहली बार चिट्ठी आयी है, तू बोलेगा गलत पते पे आयी?"

मग मी खोटं बोलायला लागलो. खोटं बोलण्याची मला सवय आहे, पण सरांशी बोलायची नव्हती. लेख छापायला गेला की उलट उत्तर येणार आणि सर मोडणार. म्हणून तो टाइपच होता कामा नये. मी सांगितलं, टायपिस्टला कावीळ झाली. पुढच्या महिन्यात टायपिस्टच्या बहिणीचं लग्न निघालं. मग पुन्हा कावीळ. मग गावची जत्रा. मग तिसऱ्यांदा कावीळ. सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जपायला सांग त्याला. एवढं होऊन माणूस जगतो म्हणजे शरीरशास्त्रातला शोध आहे." आणि पुढचा ग्लास भरायचे.

मन खायला लागलं तेव्हा मी मांजर्लीला जाऊन काकूंना सगळं सांगितलं आणि शपथ घातली. काकू म्हणाल्या, "मी कुणाला सांगतेय?" आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला. मांजर्लीत पाणी शिरल्याचं सकाळी कळलं आणि सर तळमजल्यावर. मी स्कूटर काढली, इमारतीच्या फाटकाशी घोट्याएवढ्या पाण्यात लावली आणि आत धावलो. आवार उताराचं, जिन्यापाशी पाणी कमरेला होतं. काकू पहिल्या मजल्याच्या पायरीवर कुकर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन पायऱ्या खाली सर खडूने भिंतीवर खुणा करत होते. हातात घड्याळ.

"शेलार, बरं झालं आलास. दहा मिनिटांत किती चढलं ते सांग."

"सर, आधी वर चला."

काकू म्हणाल्या, "कपाटात वरच्या फळीवर त्यांची सोड्याची पिशवी आहे. तेवढी आण बाबा. नाहीतर हे उडी घेतील."

मी घरात शिरलो. सांगतो, आत गळ्याएवढं पाणी होतं. काकू अजून म्हणतात कमरेएवढं, पण काकूंनी ते माझ्या गळ्यातून पाहिलेलं नाही. पलंग तरंगत होता आणि त्यावर वजनकाटा शून्य दाखवत बसला होता. पिशवी डोक्यावर घेऊन मी बाहेर आलो. जिन्यात पाय घसरला, पिशवी उघडली आणि वहीतून कागद बाहेर आले. झेरॉक्स होती. इंग्रजी. वर कपाचं आणि चमच्याचं चित्र.

तेच होतं. त्या दूर देशातल्या लोकांचं. सगळीकडे सरांच्या पेन्सिलीच्या खुणा. आणि कोपऱ्यात, आम्हाला शिकवलं होतं तशी, आधी तारीख. गोपीशेठच्या दुकानातल्या दिवसानंतरचा आठवा दिवस.

मी त्या पायरीवरच बसलो. पाणी माझ्या खिशात शिरत होतं.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"मुंबईला एका ग्रंथालयात जाऊन आलो होतो," सर म्हणाले. "आपण पहिले आहोत का हे बघायला नको? बघायला काय..." त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि वाक्य अर्धं सोडलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. तुला दिलेल्या तीस पानांत पहिल्याच पानावर लिहिलंय. हे ह्या लोकांनी आधी ऐकलं आहे, आम्ही फक्त मिठाचा दाणा बदलून पुन्हा ऐकलं." सर हसले. "मला वाटलं, तू वाचलं असशील. वाचूनही शनिवारी ग्लास घेऊन हजर, म्हणून मी खूश. म्हटलं, शेलार सुधारला. मग टायपिस्टला तिसऱ्यांदा कावीळ झाली तेव्हा समजलो. पोराने पहिलं पान वाचलेलं नाय, पण कुठून तरी कळलंय, आणि मला जपतंय."

"तेव्हा तरी बोलायचं."

"तू बोलायचास. माझ्या तासाला तू झोपायचास रे. आता अठरा मशीन बंद करून ग्लास वाजवतोस. म्हटलं, ह्याला जागं ठेवू."

काकूंचा कुकर मांडीवर हलायला लागला. त्या हसत होत्या. "दोघंही मला सांगून मोकळे झाले," त्या म्हणाल्या, "आणि दोघांनीही शपथ घातली. शनिवार आला की हसू दाबून माझं पोट दुखायचं."

मी विचारलं, "सर, वाईट नाही वाटलं?"

सरांनी भिंतीवर एक खूण केली. घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "वाटलं. परतीच्या प्रवासात कल्याणपर्यंत वाटलं. मग विचार केला, तो माणूस कुठला, मी कुठला. त्याने कप वाजवला, मी गोपीशेठचा ग्लास. त्याला जे ऐकू आलं तेच मला आलं. निसर्गाने त्याला एक आणि मला भलतंच सांगितलं असतं तर रडायचं कारण होतं." त्यांनी खडूचं टोक पायरीवर घासून घेतलं. "आणि ते आठ दिवस, शेलार. मला माहीत नव्हतं तोवर मीच पहिला होतो. ते आठ दिवस माझ्याकडून कोण परत घेणार?"

मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "आता हे बघ. पाणी दोन पायऱ्यांच्या मध्ये भरभर चढतं आणि पायरीच्या तोंडाशी आलं की रेंगाळतं. का? इथे बसून बघ. बघायला काय जातंय?"

मी वाकून बघायला लागलो. पायरीवर पाणी पसरायला जागा जास्त, म्हणून तिथे वेळ लागतो, हे मी स्वतःच्या डोक्याने काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. सर म्हणाले, "कसा बरोबर आयला." त्या आनंदात मी मान वर केली, तेव्हा माझी स्कूटर फाटकातून नदीच्या दिशेने निघाली होती.

सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. झोपेत गेले. उशाशी एक ताटली आणि दोन पापड होते, एक मोडलेला.

गोपीशेठनी तेराव्यानंतर दुकानावर एक पाटी लावली. स्वतःच्या हाताने, तिरक्या अक्षरात: 'भोपी सोडा. पहले बजाओ, फिर पियो.' मीठ जाड घालतात. कॅम्पात आता लोक सहज म्हणतात, "दोन भोपी द्या." सरांनी वाटलेल्या सगळ्या पत्रांमध्ये एवढं एकच त्यांच्या नावाने राहिलं.

मी बहुतेक संध्याकाळी तिथेच असतो. एखादा नवखा माणूस पाटी वाचतो, हसतो आणि चमचा तळाशी आपटतो. ठक. ठुंग. टुंग. टिंग. तो थांबतो. ग्लासाकडे बघतो, मग चमच्याकडे. मग हळूच, कुणी बघत नाही असं बघून, ग्लास कानाला लावतो. "ये आवाज ऊपर क्यूं गया?" तो विचारतो.

मला उत्तर येतं. मी, जो न विचारता सगळं सांगतो, थोडं जास्तच सांगतो, तो मी गोपीशेठकडे बघतो, आणि आम्ही दोघंही गप्प बसतो.

आठ दिवसांनी आला तर सांगू.